परदेशी विद्यार्थ्याचं पुणे: एका शनिवार-रविवारचा आराखडा

आमच्या एरंडवण्याच्या घराची वरची खोली गेली अकरा वर्षं आम्ही शिकणाऱ्या मुलांना देतो. निम्मी मुलं मराठवाड्यातली, खानदेशातली, उरलेली परदेशातली. परदेशातलं मूल आलं की महिनाभरात एक प्रश्न ठरलेला: "काकू, शनिवार-रविवार मोकळा आहे, काय बघू?"

पहिल्या वर्षी मी अस्सल पुणेकराचा उद्योग केला. गाडी काढली, दोन दिवसांत बारा ठिकाणं दाखवली, प्रत्येक ठिकाणी भाषण दिलं. रविवारी संध्याकाळी त्या मुलाला पेशव्यांची वंशावळ पाठ होती, पण नळस्टॉपहून डेक्कनला एकट्याने कसं जायचं ते ठाऊक नव्हतं. सोमवारी सकाळी तो पुन्हा खोलीत बसून मोबाइलवर जेवण मागवत होता. तेव्हापासून पद्धत बदलली. दाखवायचं निम्म्यावर आणलं आणि उरलेल्या वेळात पाहुण्यालाच विकत घ्यायला, विचारायला, चुकायला लावायचं ठरवलं. खालचा आराखडा असाच दरवर्षी थोडा दुरुस्त होत गेलेला आहे. तुमच्याकडे कुणी राहत असेल, किंवा तुमच्या वर्गात एखादं परदेशी मूल एकटं बसत असेल, तर उचला आणि वापरा.

बुधवार-गुरुवार: आधी चौकशी

पहिली चौकशी खाण्याची. इथे मी सणसणीत आपटलेय. इथिओपियाची एक मुलगी आमच्याकडे होती. तिला येऊन महिनाच झाला होता. मी शनिवार आखला तो असा: सकाळी अमृततुल्य चहा, दुपारी थाळीत श्रीखंड, चार वाजता मस्तानी, संध्याकाळी दगडूशेठला पेढा. ती सगळीकडे हसून "नो, थँक यू" म्हणत राहिली. चौथ्या नकारानंतर मी जरा दुखावले आणि कारण विचारलं. तिचा उपवास चालू होता. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा मोठा उपवास ५५ दिवसांचा असतो. त्यात मांस, अंडी तर नाहीच, पण दूध, तूप, दहीसुद्धा चालत नाही. माझा अख्खा दिवस दुधावर उभा होता!

त्यावर मी म्हटलं, उपवास ना, मग सोपं आहे, साबुदाण्याची खिचडी खाऊ. खिचडी आली ती तुपातली, शेजारी दह्याची वाटी. आपल्या उपवासाला धान्य चालत नाही आणि तूप चालतं, तिच्या उपवासाला अगदी उलट. शेवटी तिने मिसळ खाल्ली, आणि तर्री वरून मागून घेतली. तात्पर्य, "व्हेज की नॉनव्हेज" एवढ्या प्रश्नावर थांबू नका. दूध, अंडं, कांदा-लसूण, शेंगदाणे, हलाल, उपवासाचे वार, सगळं एकेक करून विचारा. शेंगदाण्याचं तर नक्कीच. आपल्या कोशिंबिरीपासून खिचडीपर्यंत सगळीकडे कूट असतं, आणि ज्याला त्याची अ‍ॅलर्जी आहे त्याला ते दिसत नाही.

दुसरी चौकशी कागदांची. पाहुणा तुमच्या घरी मुक्कामाला येणार असेल, अगदी एका रात्रीसाठी, तर परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती देणारा सरकारी फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) भरावा लागतो. परदेशी माणसाला राहायला जागा देणाऱ्या प्रत्येकाने, मग ते हॉटेल असो, वसतिगृह असो की तुमची बैठकीची खोली, २४ तासांच्या आत ही माहिती कळवायची असते. काम ऑनलाइन होतं, पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत लागते. "आपल्याच घरात पोलिसांना कशाला कळवायचं," असं यांचंही मत होतं. पण गडबड झाली तर व्हिसा त्या मुलाचा अडकतो, आपला नाही. दिवसाच्या दिवस फिरून तो आपल्या वसतिगृहात झोपायला जाणार असेल तर हा प्रश्न येत नाही.

पासपोर्ट बरोबर घ्यायला सांगा, तिकिटासाठी लागतो. शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. खिडकीवर भारतीयांना २५ रुपये आणि परदेशी नागरिकांना ३००, असा दर मी बघत आलेय. ऑनलाइन काढलं तर थोडं कमी पडतं. मात्र सार्क आणि बिम्सटेक या शेजारी देशांच्या गटांतल्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागतो. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, भूतान, अफगाणिस्तान, म्यानमार, थायलंड इथलं मूल असेल तर पासपोर्ट दाखवून २७५ रुपये वाचतात. विद्यार्थ्याच्या खिशाला ते दोन दिवसांचं जेवण आहे.

तिसरी गोष्ट पैशांची. आपण आठ रुपयांच्या कोथिंबिरीलाही मोबाइल पुढे करतो. परदेशी मुलांचं इथलं बँक खातं उघडायला वेळ लागतो, तोवर यूपीआय नसतं. त्यांच्याकडे असतात पाचशेच्या नोटा, आणि मंडईतली मावशी पाचशेची नोट बघून तोंड फिरवते. शुक्रवारी संध्याकाळीच सुट्टे करून द्या: दहा, वीस, पन्नास.

वेळ मात्र आकड्यात आणि सकाळ-संध्याकाळ लावून ठरवा. त्याच मुलीने मला निरोप पाठवला होता, "एक वाजता तयार असेन." मी म्हटलं, अगं, एकला तर पुणं झोपतं! तिच्या मनात होते सकाळचे सात. इथिओपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून आपले सात तो त्यांचा एक. सव्वासातला ती खाली बूट घालून उभी, आणि मी अजून केस विंचरत होते.

शुक्रवार संध्याकाळ: अर्ध्या तासाची शिकवणी

"नमस्कार" आणि "धन्यवाद" शिकवण्यात वेळ घालवू नका. ते त्यांना विमानातच कळलेलं असतं, आणि मंडईत धन्यवाद कुणी म्हणत नाही. एक ते दहा आकडेही बहुतेकांनी पाठ केलेले असतात. पण बाजार एक ते दहावर चालत नाही, पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांवर चालतो. "अडीच" ऐकल्यावर परदेशी मूल जे गोंधळतं, त्यात भाजीवालीचा धीर सुटतो. कागदावर चौकोन काढून पाव-अर्धा-पाऊण रंगवून दाखवा, पाच मिनिटांत बसतं.

मग हाका. दादा, ताई, काका, मावशी, मामा. रिक्षावाल्याला "काका" म्हटलं की मीटर टाकायला सांगणं सोपं जातं. पोळीभाजी केंद्रातल्या बाईला "मावशी". आणि उपयोगाची चार वाक्यं: "सुट्टे आहेत", "तिखट कमी", "कितीला दिलं?" आणि "नको". हा शेवटचा शब्द ठामपणे पण हसून म्हणायची तालीम करून घ्या. तुळशीबागेत तो शंभरदा लागणार आहे.

मॉरिशसचा एक मुलगा होता, तिथल्या मराठी समाजातला. पणजोबांच्या पणजोबांनी कोकण सोडलेलं. घरात गणपती बसतो, आरती तोंडपाठ, तिकडे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टीच असते. पण "सुट्टे" म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. आरतीत सुट्ट्यांचा उल्लेख येत नाही.

शनिवार सकाळ: कसबा पेठ, पायी

गाडी घरी ठेवा. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते. नळस्टॉपहून बसा, सिव्हिल कोर्टला उतरून मार्गिका बदला आणि कसबा पेठ स्टेशनला बाहेर पडा. तिकीट पाहुण्याला काढू द्या, तुम्ही मागे उभे राहा. सिव्हिल कोर्टचं भुयारी स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल आहे, देशातल्या सर्वांत खोल स्टेशनांपैकी एक. वरून थेट ऊन खाली येतं. पाच मिनिटं तिथे थांबा. जुनं पुणं बघायच्या आधी नवं पुणं दिसलेलं बरं, नाहीतर पाहुण्याला वाटतं आम्ही सगळे वाड्यातच राहतो.

वर आलं की आधी कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत. मग शनिवारवाडा. इथे एक सूचना आधीच द्या: आत राजवाडा नाही. परदेशी मुलांनी मोबाइलवर तो भव्य दरवाजा बघितलेला असतो, आणि आत शिरल्यावर जोती आणि हिरवळ बघून त्यांचा चेहरा पडतो. म्हणून बाहेरच सांगायचं: १७३० साली बाजीराव पेशव्यांनी पाया घातला, १७३२ ला वास्तुशांत झाली, आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतलं लाकडी सगळं गेलं, आग आठवडाभर धुमसत होती. उरलं ते दगडाचं. एवढं कळलं की मूल जोत्यांकडे वेगळ्या नजरेने बघतं, खोल्या मनात उभ्या करायला लागतं. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे हत्तीने धडक देऊ नये म्हणून आहेत, ते हात लावून बघायला सांगा. नारायणरावांच्या खुनाची गोष्ट (३० ऑगस्ट १७७३) सांगा, पण भुताची नको. भूत सांगितलं की पुढचा तासभर तोच विषय चालतो. चाळीस मिनिटं पुरे.

लाल महाल बाहेरूनच दाखवा. आजची इमारत १९८०च्या दशकात महापालिकेने बांधलेली आहे, हे न लपवता सांगावं. शाहिस्तेखानाची बोटं मात्र इथेच सांगायची, १६६३ सालची गोष्ट. ती कुठल्याही देशातल्या मुलाला आवडते.

आता खरा माल: तांबट आळी. गल्लीत शिरायच्या आधी आवाज येतो. एका लयीत ठण् ठण् ठण्, मध्ये दुसरा हातोडा, मग तिसरा. इथे कुणी गाइड नसतो, तिकीट नसतं. कारागीर पाय पसरून बसलेला असतो. पुढे लोखंडी ठोकळा, त्यावर उपडा घातलेला तांब्याचा हंडा, आणि तो डाव्या हाताने केसभर फिरवत उजव्याने ठोके घालत असतो. या कामाला मठारणं म्हणतात. प्रत्येक ठोक्याचा गोल खळगा आधीच्या खळग्याला चिकटून पडला पाहिजे, मध्ये जागा राहता कामा नये. आधी मऊ, लालसर-मळकट असलेला पत्रा त्याने घट्ट होतो आणि ऊन पडलं की शेकडो आरशांसारखा चमकतो. आम्ही सगळे तिथे गप्प उभे राहतो, कारण बोललेलं ऐकूच येत नाही. इतिहासाच्या भाषणापासून सुटका हवी असेल तर यापेक्षा चांगली जागा नाही.

फोटो काढायच्या आधी विचारायला सांगा, हातवाऱ्यांनी विचारलं तरी चालतं. काही घ्यायचं असेल तर छोटा तांब्या किंवा फुलपात्र. मोठं घेतलं की विमानात वजन भरतं. आणि हे सांगायला विसरू नका: तांब्याच्या भांड्यात पाणी ठीक, पण लिंबू, ताक, टोमॅटो असलं आंबट आतून कल्हई नसताना ठेवायचं नाही. एका मुलाने हौसेने घेतलेल्या हंड्यात लिंबाचं सरबत केलं होतं. नशिबाने प्यायच्या आधी माझ्या नजरेला पडलं.

पाय अजून दुखत नसतील तर नागझरी ओलांडून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला जा. पुण्यातली निम्मी माणसं इथे कधीच आलेली नाहीत, त्यामुळे तुमचीही सोय होईल. १७५४ ला बांधकाम सुरू झालं, १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. गणपतीला तीन सोंडा, बसलाय मोरावर. दर्शनी भिंत पूर्ण काळ्या दगडात कोरलेली. तिथे एक शिल्प शोधायला लावा: साखळीने बांधलेला गेंडा आणि त्याच्याभोवती इंग्रज शिपाई. पानिपत होऊन दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा पुण्यातल्या देवळाच्या भिंतीवर गोरे सैनिक कसे आले, यावर पाहुण्याला बोलू द्या. मी प्रत्येक मुलाला हा प्रश्न विचारते आणि प्रत्येकाचं उत्तर त्याच्या देशाच्या इतिहासातून येतं. आतल्या शिलालेखांत संस्कृतबरोबर फारसीही आहे. इराणच्या एका मुलाने तो ओठ हलवत वाचायला घेतला, तेव्हा पुजारी आणि मी दोघं त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

शनिवार दुपार आणि संध्याकाळ

साडेअकराच्या सुमाराला मंडई. १८८६ साली उघडली तेव्हा नाव रे मार्केट, आता महात्मा फुले मंडई. मधला अष्टकोनी मनोरा चुकूनही चुकत नाही, तिथेच भेटायची जागा ठरवा. पाहुण्याच्या हातात शंभर रुपये आणि पिशवी द्या आणि तीन गोष्टी आणायला पाठवा: पाव किलो काकडी, एक जुडी कोथिंबीर, आणि नाव माहीत नसलेली एक वस्तू. तुम्ही मनोऱ्याखाली बसून राहायचं. मदतीला जायचं नाही. वीस मिनिटं लागतात, कधी चाळीस. आजवर एक कच्चं पपनस, एक सुरणाचा गड्डा, आणि इथिओपियाच्या मुलीने आणलेलं कवठ, एवढं आमच्या स्वयंपाकघरात आलंय. कवठ जमिनीवर आपटून फोडतात हे तिला भाजीवालीनेच करून दाखवलं होतं. घरी गूळ-तिखट घालून चटणी केली. दूध-तूप नसल्यामुळे हे तरी तिला चाललं.

जेवण एकच्या आत उरका. एक ते चार पुणं बंद, हा विनोद आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही, पण पेठेतली छोटी दुकानं अजूनही पडदा ओढतात. या वेळेत बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हा संसार गोळा केला आणि १९६२ मध्ये राज्य सरकारच्या स्वाधीन केला. मी संसार म्हणते, कारण तिथे तलवारींपेक्षा अडकित्ते, दिवे, वज्री, दौती आणि किसण्या जास्त लक्षात राहतात. सगळं बघायला गेलात तर पाहुणा पहिल्या मजल्यावरच जांभया देईल. मी तीनच गोष्टी करते. अडकित्त्यांच्या कपाटापुढे "हे कशाचं हत्यार?" असं विचारते. दिव्यांपाशी ज्याला जो आवडेल त्याचं चित्र काढायला लावते. आणि शेवटी मस्तानी महाल, कोथरूडचे अवशेष आणून इथे पुन्हा उभा केलेला.

महाल बघून बाहेर आलं की मस्तानी प्यायची (दूध चालत असेल तर!). घट्ट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा. नावाचं आणि त्या बाईंचं नातं काय यावर पुणेकर तासभर वाद घालतात. तुम्ही तेवढ्यात आंब्याची मागवा.

पाचनंतर तुळशीबाग. बांगड्या, पिना, भांडी यांच्या गर्दीत आत रामाचं देऊळ आहे, नारो अप्पाजी खिरे यांनी पेशवाईत उभं केलेलं. गर्दीतून एकदम त्या चौकात आलं की कान मोकळे होतात. दहा मिनिटं टेका. घरी पाठवायला वस्तू हवी असेल तर पितळी भातुकली घ्यायला सांगा: बोटाएवढा बंब, पोळपाट, जातं. वजन नाही, फुटत नाही, आणि पंधराशे किलोमीटरवरच्या आईलाही ते काय आहे ते लगेच कळतं.

शेवटी दगडूशेठ. मूर्ती रस्त्यावरूनही दिसते, रांगेत उभं राहायलाच हवं असं नाही. तिथे पाठ वळवून समोर बघायला लावा. १ जानेवारी १८४८ ला सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली तो भिडेवाडा इथे होता. मोडकळीला आलेली इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवली. देश सोडून शिकायला आलेल्या मुलींना हे रस्त्याच्या कडेला, हॉर्नच्या आवाजात सांगावं लागतं. इथिओपियाच्या मुलीने विचारलं, पहिल्या दिवशी शाळेत किती मुली होत्या? मला सांगता येईना. मी इथे जन्मलेय.

रविवार: सिंहगड, पण पहाटे

रविवारी नऊनंतर सिंहगडाच्या वाटेला लागणं म्हणजे खडकवासल्याच्या गर्दीत अडकणं. सहाला पायथ्याशी असायला हवं. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस आहे, दिवसभराचा पास कंडक्टरकडेच मिळतो. स्वतःची गाडी नेलीत तर वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते. आदल्या दिवशी पाय फार शिणले असतील तर वरपर्यंत जाणारी जीप घ्या, त्यात काही कमीपणा नाही. चढायचं असेल तर अतकरवाडीची पायवाट. तासभर ते दीड तास. माझी दोन तास.

पाहुण्याच्या दमाची काळजी करताना जरा भूगोल बघा. गड समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर. मी इथिओपियाच्या मुलीला सारखं "हळू चढ, धाप लागेल" म्हणत होते. ती अदिस अबाबाची. ते शहर २३०० मीटरच्या वर आहे. ती अर्ध्या वाटेवरून मला पाणी द्यायला परत खाली आली. उलट समुद्रकाठचा मॉरिशसवाला पहिल्या टप्प्यातच बसला होता.

वर पुणे दरवाजा, तानाजींची समाधी, देवटाकं, कल्याण दरवाजा, एवढं पुरतं. ४ फेब्रुवारी १६७० ची लढाई सांगताना घोरपडीची गोष्ट आली की ती दंतकथा आहे हे म्हणा, मात्र कडा दाखवून म्हणा. दोर लावून का होईना, रात्री हा कडा माणसं चढली, एवढ्यानेच मुलं गप्प होतात. देवटाक्याचं पाणी गार आणि चवदार. बाहेरच्या पोटाला मात्र पहिल्याच महिन्यात द्यायचं धाडस करू नका, बाटली न्या.

पिठलं-भाकरीला चटईवर बसा. चमचा मागू नका. भाकरीचा तुकडा मोडून त्याने पिठलं उचलणं ही आपली कला आहे असं मला वाटायचं. इथिओपियाची मुलगी आपल्यापेक्षा सफाईने जेवली. त्यांचा इंजेराही हातानेच तोडून त्याने भाजी उचलतात. तो आंबवलेल्या पिठाचा असतो, आपल्या आंबोळीच्या जवळचा. मडक्यातलं दही तिच्या वाट्याचं मी खाल्लं.

पावसाळ्यात दरडीमुळे घाट मधूनच बंद ठेवतात, निघण्याआधी चौकशी करा. बंद असेल तर पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्याच्या गोंगाटात एका अखंड खडकात खोदलेलं आठव्या शतकातलं लेणं, अंगणात नंदीचा गोल मंडप. पावसात तो दगड काळाभोर दिसतो.

रविवार दुपार: एकट्याला पाठवा

हा भाग यजमानांना जमत नाही. आपल्याला वाटतं, पाहुण्याला एकटं कसं सोडायचं? पण सोमवारपासून तो एकटाच असणार आहे. मी साडेतीनच्या आत आगाखान पॅलेसला पाठवते. नळस्टॉपहून एकच मेट्रो, बदलायची नाही, कल्याणीनगरला उतरून थोडं चालायचं. संध्याकाळी लवकर बंद होतो म्हणून वेळेचं बजावा. तिथे गांधीजी ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ स्थानबद्ध होते. तिथेच पहिल्याच आठवड्यात, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. गांधी सगळ्या मुलांना माहीत असतात, कस्तुरबांपाशी ती थांबतात. माझ्या भाषणाची तिथे गरज पडत नाही.

पाठवताना खिशात तीन गोष्टी: आपला पत्ता मराठीत लिहिलेला कागद (फोन संपतोच), परतीच्या रिक्षाचे पैसे, आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर. मुलगी असेल तर लोकेशन घरी पाठवून ठेवायचं आणि अंधाराच्या आत परतीच्या मेट्रोत बसायचं. एकदा एका रिक्षावाल्याने दुप्पट मागितले म्हणून आमच्याकडे राहणारा एक मुलगा तीन किलोमीटर चालत आला. घामाघूम, पण खूश. "काका म्हटलं, तरी ऐकलं नाही," म्हणाला. काका हा शब्द दहातल्या सातांवर चालतो, हे मी सांगायला विसरले होते.

खर्चाचं म्हणाल तर दोन दिवसांची तिकिटं, प्रवास आणि खाणं धरून पाहुण्याचे साधारण दीड-दोन हजार होतात. निम्मे तुम्ही द्या, सगळे देऊ नका. सगळे दिले की मुलं पुढच्या वेळी विचारायला लाजतात.

रविवार रात्र: त्यांची पाळी

रात्रीचा स्वयंपाक करू नका. पुण्यातल्या सिम्बायोसिस या शिक्षणसंस्थेची मुळं अशाच एका जेवणात आहेत: डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये रेक्टर असताना त्यांना एक मुलगी खिडकीतून आत जेवण देताना दिसली, आत काविळीने आजारी पडलेला मॉरिशसचा विद्यार्थी होता. त्यातून १९७१ मध्ये संस्था उभी राहिली. आपण पुणेकर खिडकीतून जेवण द्यायला तयार असतो, घ्यायला बसत नाही. म्हणून रविवारी रात्री ओटा पाहुण्याच्या ताब्यात द्या. मीठ, तिखट, तेल कुठे आहे ते दाखवा आणि बाहेर येऊन बसा.

इथिओपियाच्या मुलीने कॉफी केली. घरून आणलेले हिरवे दाणे माझ्या पोह्यांच्या कढईत भाजले, धूर आधी आमच्या नाकाशी आणून वास घ्यायला लावला, मग खलबत्त्यात कुटले. कॉफीच्या तीन फेऱ्या असतात, पहिली अबोल, दुसरी तोना, तिसरी बरका. तिसरीपर्यंत बसलं नाही तर अपमान. साडेदहा वाजले, यांची झोपायची वेळ टळून गेली, तरी बसले.

कढई मी दोनदा घासली. तरी सोमवारच्या पोह्यांना कॉफीचा वास होता. यांनी दोनदा घेतले.